मधलं तेवढं सोडून

दाक्षायणीचा डावा डोळा गेला तेव्हा तिचा धाकटा भाऊ सिद्धाराम तिच्या उशाशी होता. तरीही पुढची चार वर्षं तो सगळ्यांना छातीठोकपणे सांगत असे, की आमच्या अक्काला त्या ऑपरेशनात काडीचाही त्रास झाला नाही. तसं तिनंच त्याला सांगितलं होतं.

दोघं मूळची मैंदर्गीची. बापाचं बाजारात कापडाचं दुकान होतं. इरकली लुगडी, खण, धोतरं असा माल. आई लवकर गेली, त्यामुळे सिद्धारामचं न्हाऊमाखू, खाणंपिणं सगळं दाक्षायणीच्या अंगावर पडलं. घरात निम्मं कानडी, निम्मं मराठी चालायचं. ती त्याला ‘तम्मा’ म्हणायची, तो तिला ‘अक्का’. बापाकडून दोघांना एक गोष्ट सारखी मिळाली होती, ती म्हणजे अधू नजर. शाळेत जायच्या आधीपासून दोघांच्या नाकावर सोडावॉटरच्या बाटलीसारख्या जाड काचांचे चष्मे. त्यात सिद्धारामचा एकच डोळा कामाचा. उजव्यात लहानपणी विटी बसली आणि त्या डोळ्यानं उजेड-अंधार एवढंच कळायचं. पण डाव्या डोळ्यानं तो सगळं निभावून न्यायचा. बाप वारल्यावर दुकान त्यानं असं चालवलं, की आळंद आणि अफझलपूरकडची गिऱ्हाइकं लग्नाचा बस्ता बांधायला त्याच्याकडे येत. लुगडं उजेडात धरून तो बाईच्या रंगावर ते शोभेल की नाही हे सांगायचा, आणि बाया त्याचं ऐकायच्या.

दाक्षायणी लग्न होऊन सोलापुरात आली. नवरा शिवयोगी याचं सात रस्त्यापाशी सायकलींच्या सुट्या भागांचं दुकान. माणूस अबोल, पण जिवाला जीव देणारा. मूलबाळ झालं नाही, तो विषयही त्यानं कधी काढला नाही.

मोठ्या दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी, उन्हाळ्यात, तिला समोरच्या घराच्या दाराची चौकट मध्येच आत ओढल्यासारखी वाकडी दिसू लागली. आधी वाटलं, चौकटच वाकली असेल. मग विजेचा खांब वाकला, मग शिवयोगीचं नाक. एक डोळा झाकून पाहिल्यावर कळलं की खोट डाव्या डोळ्यात आहे. थोड्याच दिवसांत बघायला जावं तिथं नेमका धुरकट ठिपका येऊन बसू लागला आणि खालून काळं पाणी चढावं तशी सावली वर येऊ लागली.

सोलापुरातले डोळ्यांचे डॉक्टर देगावकर वयस्कर आणि शब्द मोजून बोलणारे. त्यांनी बत्ती लावून बराच वेळ आत पाहिलं. ते म्हणाले, डोळ्याच्या आतल्या पडद्याला भोक पडलंय आणि तेही अगदी मधोमध, ज्या जागेनं आपण अक्षर वाचतो, माणूस ओळखतो त्या जागेला. इतक्या जाड नंबरात कधीकधी होतं, पण त्यांनी स्वतः असे डोळे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच पाहिले होते. भोकातून पाणी मागं शिरतंय, पडदा भिंतीपासून सुटत चाललाय. इथं काही करता येणार नाही, पुण्याला डॉक्टर हुद्देदार आहेत त्यांना दाखवा.

दाक्षायणीचं मन होईना. दुसरा डोळा आहे, त्यावर भागेल, असं ती म्हणत होती. शिवयोगीही का-कू करत होता. मैंदर्गीहून सिद्धाराम आला आणि त्यानं दोघांचं काही ऐकलं नाही. डोळा हा का टाकून द्यायची वस्तू आहे, असं म्हणाला. दुकान बंद ठेवून तो तिला घेऊन पुण्याच्या गाडीत बसला.

त्या ऑपरेशनात जे झालं ते तिनं फक्त शिवयोगीला सांगितलं. भुलेची सुई डोळ्याच्या मागं घातली ती हाडात घुसल्यासारखी वाटली. डोळा बधिर झाला तरी ओढणं कळत होतं. आतून कुणी दोरी बांधून खेचतंय असं, आणि प्रत्येक ओढीला पोटातून उमासा. नंतर दोन आठवडे दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या, पाठीवर उताणं, डोकं हलू नये म्हणून दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. पट्टी सुटली तेव्हा डोळ्यात रक्त उतरलेलं होतं. पडदा बसला नव्हता. घरी आल्यावर ठणका सुरू झाला, तो पावसाळाभर. मग डोळा हळूहळू आत बसत गेला, सुकल्या बोराएवढा झाला. देगावकरांनी चष्म्याला त्या बाजूनं दुधी काच घालून दिली.

पट्टी सुटायच्या दिवशी डॉक्टरांनी सिद्धारामला व्हरांड्यात नेऊन खरं काय ते सांगितलं होतं. खाटेवर पडल्या पडल्या दाक्षायणीला त्याचं रडणं ऐकू आलं. तोंडात उपरणं कोंबून रडत होता. आत आला तेव्हा आवाज सावरून त्यानं विचारलं, “लई दुखलं का गं अक्का?”

ती म्हणाली, “कुटं रे. मुंगी चावल्यागत झालं. नशिबात न्हवतं, एवढंच.”

तेवढं एकदा बोलून गेल्यावर ते पुढं चालवणं भाग पडलं. सिद्धाराम सोलापूरला आला की ती ठणक्यावरची गोळी आधीच घेऊन ठेवायची आणि हसून दार उघडायची. शिवयोगीनं एकदा विचारलंही, हे कशासाठी. ती म्हणाली, त्यानं मला ओढून नेलं. मी दुखतंय म्हटलं तर तो ते जन्मभर उरावर घेऊन फिरेल.

जनता सरकार आलं त्या वर्षीच्या श्रावणात सिद्धाराम माल घ्यायला सोलापूरला आला आणि नेहमीप्रमाणे बहिणीकडे जेवायला थांबला. दाक्षायणीनं भाकरी वाढली, शेंगाची चटणी वाढली. तो बोलत होता, पण बघत होता तिच्या कानाकडे. पाण्याच्या तांब्याला हात घालायला गेला तो तांब्याच्या शेजारी, रिकाम्या जागेत. तिच्या हातातलं उलथनं तसंच राहिलं.

“तम्मा, माझ्याकडं बघ.”

त्यानं बघितलं. मग मान थोडी वळवली, पुन्हा सरळ केली.

“तुझं तोंड दिसंना अक्का,” तो म्हणाला. “पदर दिसतोय, हात दिसतोय, तोंडाच्या जाग्यावर धूर.”

किती दिवस झाले विचारलं तर म्हणाला, नागपंचमीच्या आधीपासून. चष्म्याचा नंबर बदलला असेल असं वाटलं होतं. आदल्या आठवड्यात एका गिऱ्हाइकाला त्यानं जांभळ्या लुगड्याऐवजी काळं काढून दिलं होतं, आणि बाई लग्नघरची होती. त्यावरून दुकानात बरंच काही बोलणं झालं होतं.

देगावकरांनी पाहिलं आणि यावेळी त्यांनी बत्ती लवकर खाली ठेवली. बहिणीच्या डोळ्यात जे होतं तेच. फरक एवढाच की ह्याला दुसरा डोळा नव्हता.

पुण्याला तिघं गेले. हुद्देदारांचे केस चार वर्षांत पांढरे झाले होते. त्यांनी दाक्षायणीला ओळखलं, तिच्या दुधी काचेकडे पाहून क्षणभर थांबले आणि मग सिद्धारामला समोर बसवून सगळं नीट समजावलं. पूर्वीपेक्षा आता रीत थोडी सुधारली आहे. डोळ्याच्या मागच्या अंगानं एक पट्टी बसवायची, तिनं भिंत आत दाबून पडद्याला टेकवायची आणि भोकाभोवती अतिथंड सळईनं डाग द्यायचा, म्हणजे पडदा तिथं चिकटतो. पण जिथं डाग बसतो तिथलं दिसणं कायमचं जातं.

“भोक मधोमध आहे, तेव्हा मधलं जाणारच,” ते म्हणाले. “ते वाचवण्यासाठी हे ऑपरेशन नाही. कडेचं वाचवण्यासाठी आहे. जमलं तर तुम्ही एकटे चालाल, ताट दिसेल, दारात कोणी आलं ते कळेल. कोण आलं ते तोंड पाहून कळणार नाही.”

जमेल का, असं शिवयोगीनं विचारलं. निम्म्या वेळा जमतं, असं त्यांनी सांगितलं. नाही जमलं तर आहे तेही जाईल. आणि काहीच केलं नाही तर दोन-तीन महिन्यांत पडदा पुरता सुटेल.

सिद्धाराम म्हणाला, करा. एवढ्या झटक्यात म्हणाला की डॉक्टरांनाही नवल वाटलं.

ऑपरेशन दुसऱ्या दिवशी ठरलं. शेजारच्या खाटेवर बार्शीकडचा मायाप्पा नावाचा म्हातारा होता, त्याचाही पडदा सुटलेला. बिचारा भीतीनं सारखा लोटाभर पाणी पीत होता. दुपारी जेवणं झाल्यावर सिद्धाराम त्याच्या खाटेवर जाऊन बसला आणि त्याला धीर देऊ लागला. हे काही नाही, आमच्या अक्काचं याच दवाखान्यात झालं, तिला काही सुदिक झालं न्हाय, मुंगी चावल्यागत वाटतं म्हणाली. त्यानं दाक्षायणीला हाक मारून जवळ बोलावलं. म्हाताऱ्यानं तिचा हात धरला आणि तिच्या दुधी काचेकडे तोंड करून विचारलं, “व्हय का बाई? दुखत न्हाय का?”

भावाशी चार वर्षं जे सहज बोलता आलं होतं, ते त्या अनोळखी म्हाताऱ्याशी बोलता येईना. उद्या हा टेबलावर पडेल, सुई घुसेल, आणि त्याला कळेल की त्या बाईनं आपल्याला फसवलं. उद्याच तेच सिद्धारामलाही कळेल.

“दुखतं बाबा,” ती म्हणाली. “लई दुखतं.”

सिद्धाराम हसला, त्याला थट्टा वाटली. मग तिचा आवाज त्याच्या लक्षात आला. तो तिला व्हरांड्यात घेऊन आला आणि खांबाला टेकून उभा राहिला. तिथं तिनं सगळं सांगितलं. सुई, ओढणं, उमासे, पावसाळाभरचा ठणका. चष्मा काढून तिनं तो डोळाही त्याच्या समोर धरला. त्याला मधलं दिसत नव्हतं, म्हणून त्यानं हात पुढं करून बोटानं तिची पापणी चाचपली. आतला खड्डा बोटाला लागला तसा त्यानं हात मागं घेतला.

“आन् मला काय सांगत हुतीस इतकी वर्सं?”

“तू रडत हुतास.”

“माझ्या रडण्यापायी?” तो म्हणाला. “मी गावभर सांगत फिरलो अक्का. माझ्या बायकोला सांगितलं, पोरीला सांगितलं. काल रातीला मी गाढ झोपलो, तुझ्यावर इसंबून.”

त्यानं आत जाऊन पिशवी उचलली, डॉक्टरांना न सांगता फाटकाबाहेर पडला. शिवयोगी मागं धावला, पण त्याला परत फिरवणं काही जमलं नाही. तिघं रेल्वेनं परत आले. सोलापूर येईपर्यंत सिद्धाराम खिडकीकडे तोंड करून बसला होता, आणि स्टेशनवरून परस्पर अक्कलकोटच्या गाडीला गेला.

पुढचा महिना-दीड महिना दाक्षायणीला मैंदर्गीहून काही कळलं नाही. शिवयोगीनं एकदा चक्कर टाकली तर सिद्धाराम त्याच्याशी नीट बोलला, चहा पाजला, बहिणीचं नाव काढलं नाही. कुणा वैदूचं काजळ घालतोय एवढं कळलं. दसरा झाल्यावर एके दिवशी सकाळी सिद्धारामची बायको बसव्वा एकटीच दारात उभी राहिली. ती पहिल्यांदाच एकटी एसटीनं आली होती. दाक्षायणीनं पाणी दिलं, ते तिनं घेतलं नाही. उभ्यानंच बोलली.

“परवा ते परसात पडले. जात्यावर डोकं आपटलं. आता खालचं काय थोडं दिसतं, वर सगळा अंधार झालाय म्हणतात.” मग तिनं श्वास घेतला. “वन्सं, तुमी खोटं बोलत हुता तवर ते धीट हुते. खरं बोललात आन् त्यांचे पाय गळाले. एकतर आधी सांगायचं हुतं, न्हायतर कवाच सांगायचं न्हवतं.”

दाक्षायणीनं लुगडं बदललं आणि बसव्वाबरोबरच एसटीत बसली.

सिद्धाराम दुकानात गादीवर बसला होता. भोवती कापडाचे गठ्ठे, आणि गिऱ्हाईक कुणी नव्हतं. पावलांचा आवाज ऐकून त्यानं कोण म्हणून विचारलं. ती ‘मी’ म्हणाली तेव्हा तो कानडीत म्हणाला, बस. ती समोर बसली. आता नवीन काय सांगायला आलीस, असं त्यानं विचारलं.

“सगळं पुन्हा सांगते,” ती म्हणाली. “कमी करून न्हाय, वाढवून न्हाय. मग तू ठरव.”

तिनं सांगितलं. यावेळी तिनं तेही सांगितलं जे पुण्याच्या व्हरांड्यात राहून गेलं होतं. सुई घातल्यावर काही वेळानं तीव्र दुखणं थांबतं आणि मग फक्त ओढणं उरतं. टेबलावर एक नर्स हात धरून ठेवते, तिला घट्ट धरलं तरी चालतं. उताणं पडून पाठ दुखते ती डोळ्याहून जास्त, पण रोज संध्याकाळी तेल लावून चोळली तर झोप लागते. ठणका तिला लागला तो डोळा बिघडला म्हणून. तो प्रत्येकाला लागतोच असं नाही. हे सगळं खरं होतं, पण आधी घाबरून आणि अपराधी वाटून तिला फक्त वाईट तेवढंच आठवलं होतं.

सिद्धाराम हातातला कापड मोजायचा गज बोटांनी चाचपत राहिला. मग त्यानं बायकोला हाक मारून कपडे भरायला सांगितले.

हुद्देदार रागावले नाहीत. त्यांनी डोळा पाहिला आणि एवढंच म्हणाले, की तेव्हा झालं असतं तर बरंच हाती लागलं असतं, आता जे उरेल ते उरेल. दोष देत नाही, पण तुम्हाला माहीत असावं. मायाप्पा म्हातारा तिथं नव्हता. त्याचं काय झालं ते विचारायचं धाडस दाक्षायणीला झालं नाही.

ऑपरेशन बराच वेळ चाललं. सिद्धारामला बाहेर आणलं तेव्हा त्याचे ओठ पांढरे पडले होते. पुन्हा तेच सगळं, दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या आणि डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळू. रात्रपाळी बसव्वाची, दिवसा दाक्षायणी. बसव्वा तिच्याशी कामापुरतं बोलायची. दाक्षायणी त्याला चमच्यानं पेज भरवायची, पाठीखाली हात घालून तेल चोळायची. तो कण्हायचा नाही. एकदा दुपारी, ती पाठ चोळत असताना, त्याच्या सगळ्या अंगाला घाम फुटलेला होता आणि दोन्ही मुठी चादरीत आवळलेल्या होत्या, तेव्हा तो म्हणाला, “तू सांगितलंस तेवढं काय दुखत न्हाय गं.”

तिचा हात थांबला. तो खरं बोलला की तिच्यासाठी बोलला, हे तिनं विचारलं नाही. विचारायचा हक्क आपण घालवून बसलो आहोत असं तिला वाटलं. तिनं पुन्हा चोळायला सुरुवात केली.

पट्टी सुटली. पडदा वरच्या अंगानं बसला होता. खालच्या अंगाला बसलाच नाही, आणि डोळ्यात चित्र उलटं पडत असल्यानं वरचं दिसणं गेलं. मधलं जाणारच होतं ते गेलं. उरली ती खालची, बाहेरच्या बाजूची एक कड. सिद्धारामला स्वतःचे पाय दिसत, जमीन दिसे, ताटातली भाकरी तोंड वळवून धरली तर दिसे. आभाळ, माणसांची तोंडं आणि कापडाचे रंग गेले. हुद्देदारांनी सांगितलं, यात सुधारणा होणार नाही, पण हे टिकावं अशी आशा आहे. शिवयोगी बाहेर जाऊन बाकावर बसला आणि बराच वेळ आत आला नाही.

दुकान बसव्वानं हातात घेतलं. सुरुवातीला गावात कुजबूज झाली, कापडाच्या दुकानात गादीवर बाई बसते म्हणून. नंतर लोकांना सवय झाली. सिद्धाराम शेजारी बसतो, कापड बोटांत धरून सूत कसं आहे ते सांगतो, कधी बरोबर, कधी चूक. लग्नाच्या बस्त्याची गिऱ्हाइकं हळूहळू अक्कलकोटला जाऊ लागली. मुलगी नागम्माला शाळेतून काढलं आणि ती आईच्या मदतीला आली. बापाला ती नुसत्या चालण्यावरून कळते, पण ती मोठी होताना कशी दिसू लागली हे त्याला कळायचा मार्ग नाही. तसं तो कुणाजवळ बोलत नाही. बसव्वाजवळ एकदाच बोलला, आणि ती त्या दिवशी दुकानात आली नाही.

दाक्षायणी महिन्याकाठी मैंदर्गीला जाते. पहिल्यांदा गेली तेव्हा सवयीनं त्याच्या समोर बसली. तो म्हणाला, समोर बसू नकोस, तिथं मला काय न्हाय. हितं बाजूला, खाली बस. ती गादीच्या खाली, त्याच्या डाव्या हाताला बसली. त्या कडेतून तिची बांगडी आणि गुडघ्यावर ठेवलेला हात त्याला दिसला. बसव्वा तिला जेवायला वाढते, पण तिच्याबरोबर जेवत नाही. दाक्षायणीनं ते मान्य करून टाकलं आहे.

तिचा स्वतःचा उजवा डोळा अजून शाबूत आहे. देगावकर सहा महिन्यांनी बोलावतात, बत्ती लावून पाहतात, आणि ती श्वास रोखून बसते. मागच्या खेपेला पाहून झाल्यावर ते म्हणाले, सध्या तरी ठीक आहे. त्याच आठवड्यात शिवयोगी आणि ती मैंदर्गीला गेले. सिद्धारामनं लगेच विचारलं, डॉक्टर काय म्हणाले. तिनं सांगितलं, डोळा चांगला आहे, काळजीचं काही नाही.

नागम्मानं चहा आणून त्याच्या हाताशी ठेवला होता. तो कपाला हात न लावता तसाच बसला. मग बहिणीच्या अंगावरून मान वळवून दाराकडे, जिथं शिवयोगी उभा असावा असा त्याचा अंदाज होता तिकडे वळला.

“दाजी,” तो म्हणाला, “खरं हाय का?”

शिवयोगी म्हणाला, “खरं आहे.”

मग त्यानं कप उचलला.